पाटण्याचे दोन मालिशवाले

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी रमजान ईदच्या दुसऱ्या दिवशी माझी धाकटी बहीण घरी आली. शीरखुर्म्याची वाटी तशीच बाजूला सारून म्हणाली, "भाई, अब तुमीच समझाव उसको. मालिशवाला होतो बोलताय."

'तो' म्हणजे माझा भाचा. वय एकतीस. डिप्लोमा करून एका कारखान्यात सात वर्षं नोकरी केली. मग तो विभागच बंद झाला आणि पोरगा घरी बसला. दोन-तीन ठिकाणी मुलाखती दिल्या. एके ठिकाणी पगार निम्म्यावर आला, दुसऱ्या ठिकाणी नुसतं 'कळवतो' म्हणाले. लहानपणापासून त्याला तालमीचा नाद. पैलवानांच्या अंगाला तेल लावायला तो तिथंच शिकला. माझी आई शेवटची तीन वर्षं अंथरुणाला खिळून होती, तेव्हा रोज रात्री तिच्या पायांना तेल लावायचं काम त्यानं आपणहून घेतलं होतं. 'पोराच्या हाताला गुण आहे,' असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तेव्हा सगळ्यांना त्याचं कौतुक होतं. आता तेच काम तो रीतसर शिकून, पैसे घेऊन करणार म्हटल्यावर घर हादरलं.

बहिणीचे आक्षेप तीन होते. शिकलासवरलेला मुलगा लोकांचे पाय चेपत बसणार. दुसरं, अशा मुलाला मुलगी कोण देणार? तिसरा आक्षेप तिनं आवाज खाली आणून सांगितला. मसाजच्या दुकानांवर छापे पडतात, पेपरात बातम्या येतात, त्यात उद्या आपल्या मुलाचं नाव आलं तर? आणि शेवटी म्हणाली, "फिजिओथेरपिस्ट होता, तर मीच मिठाई वाटली असती."

मी पडलो कवी माणूस. बी. ए. झालेला म्हणून घरात मला विद्वान समजतात, हा त्यांचा मोठेपणा. करिअर मार्गदर्शन वगैरे मला जमत नाही. मला जमतं ते एकच, जुनी पुस्तकं उघडायची. "दोन दिवस दे," असं बहिणीला सांगितलं आणि कपाट उघडलं. त्या दोन दिवसांत मला दोन मालिशवाले भेटले. दोघांमध्ये हजार-बाराशे वर्षांचं तरी अंतर. पण दोघांचं गाव एकच, पाटणा.

पहिला भेटला तो शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकात. हे नाटक मराठी माणसाला परकं नाही. गोविंद बल्लाळ देवलांनी ते संगीत नाटकाच्या रूपानं आपल्या रंगभूमीवर आणलं. चारुदत्त, वसंतसेना, शकार ही नावं आपल्या ओळखीची. पण मूळ संस्कृत नाटकाच्या दुसऱ्या अंकात एक माणूस जीव घेऊन पळत येतो, त्याची आठवण कोणी फारशी काढत नाही. नाटककारानं त्याला स्वतःचं असं नावही दिलेलं नाही. धंद्याचं नाव तेच त्याचं नाव, संवाहक. म्हणजे अंग चेपून देणारा, मालिश करणारा.

हा संवाहक जुगारात दहा सुवर्ण नाणी हरलेला असतो. वसुलीवाले मागे लागलेले. चकवा द्यायला तो उलट्या पावलांनी एका रिकाम्या देवळात शिरतो आणि मूर्तीच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पुढं सापडतो, मार खातो, निसटतो आणि वसंतसेनेच्या दारात शिरतो. ती त्याची चौकशी करते. तेव्हा कळतं की हा मूळचा पाटलिपुत्राचा, एका चांगल्या गृहस्थाचा मुलगा. नवा मुलूख पाहायच्या हौसेनं उज्जयिनीला आला आणि चारुदत्ताकडे नोकरीला राहिला. चारुदत्ताला गरिबी आल्यावर नोकरी सुटली आणि हा जुगाराला लागला. वसंतसेना त्याच्या नाजूक कलेचं कौतुक करते. त्यावरचं त्याचं उत्तर असं, की शिकताना ती कला होती, आता ती फक्त पोट भरायचं साधन झाली आहे.

हे वाचून मी पुस्तक मांडीवर ठेवलं आणि थोडा वेळ तसाच बसलो. कला आणि पोट यांच्यामधली ही कुचंबणा कवीला सांगायला लागत नाही. पण माझ्या डोक्यात दुसरीच गोष्ट आली. हा माणूस मालिश करणाऱ्यांच्या घरात जन्मलेला नाही. सुखवस्तू घरातला मुलगा हे काम शिकतो आणि त्यावर जगतो, हे त्या काळच्या नाटककाराला अशक्य वाटलेलं नाही.

वसंतसेना आपल्या हातातलं कडं देऊन त्याचं कर्ज फेडते. संवाहक बौद्ध भिक्षू होतो. पुढं आठव्या अंकात शकार बागेत वसंतसेनेचा गळा दाबतो आणि ती मेली असं समजून तिच्यावर पाला टाकून निघून जातो. योगायोगानं हाच भिक्षू तिथं येतो. चीवराचं पाणी पिळून तिला शुद्धीवर आणतो. तिला उठायचं असतं, पण अंगात त्राण नसतं. ज्याचं आयुष्य माणसाच्या अंगाला हात लावण्यात गेलं, तो या वेळी हात पुढं करत नाही. जवळची वेल वाकवून देतो आणि ती धरून उठायला सांगतो. भिक्षूचा नियम म्हणून त्यानं तसं केलं, हे उघड आहे. तरी मला वाटतं, कुठं हात लावायचा हे ज्याला कळतं, त्यालाच कुठं लावायचा नाही हेही नेमकं कळतं. नाटक संपताना त्याला सगळ्या विहारांचा प्रमुख नेमलं जातं.

दुसरा माणूस नाटकातला नाही, खराखुरा आहे. शेख दीन महंमद. जन्म १७५९, पाटणा. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगालमधल्या फौजेत होते. मुलगा दहा-अकरा वर्षांचा असतानाच ते गेले. पोरगा गॉडफ्रे बेकर नावाच्या एका आयरिश अधिकाऱ्याच्या आश्रयाला राहिला, फौजेबरोबर हिंडला आणि पुढं सुभेदारीपर्यंत चढला. १७८२ मध्ये बेकरबरोबर त्यानंही फौज सोडली आणि १७८४ मध्ये त्याच्यासोबत आयर्लंडमधल्या कॉर्क शहरी पोहोचला. तिथं जेन डेली या मुलीशी पळून जाऊन लग्न केलं, अँग्लिकन पंथ स्वीकारला, नाव मात्र महंमदच ठेवलं. १७९४ मध्ये त्यानं आपल्या हिंदुस्थानातल्या प्रवासांवर पत्ररूपानं एक पुस्तक लिहिलं. भारतीय माणसानं इंग्रजीत लिहून छापलेलं ते पहिलं पुस्तक मानलं जातं.

एवढं करूनही त्याचं बस्तान बसलं नव्हतं. तो लंडनला गेला. हिंदुस्थानातून पैसा कमावून परतलेल्या बेसिल कॉक्रेन नावाच्या धनिकानं आपल्या घरी वाफेच्या स्नानाची सोय केली होती. तिथं दीन महंमदनं वाफेला चंपीची जोड दिली. १८१० मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर त्यानं 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' उघडलं. मसालेदार रस्से, बांबूच्या खुर्च्या, वेगळ्या खोलीत हुक्का, सगळा थाट केला. दोन वर्षांत दिवाळं निघालं. १८१३ मध्ये या माजी सुभेदारानं, छापील पुस्तकाच्या लेखकानं, घरकामाची नोकरी हवी म्हणून वर्तमानपत्रात जाहिरात दिली. वय त्या वेळी त्रेपन्न-चोपन्न. म्हणजे साधारण माझ्याच वयाचा. ती ओळ वाचताना माझ्या पोटात कालवलं. माझा भाचा तर एकतीस वर्षांचा आहे.

१८१४ मध्ये तो ब्रायटनला गेला. हे समुद्रकाठचं गाव तेव्हा हवापालटासाठी गाजत होतं आणि इंग्लंडच्या राजपुत्राचा महाल तिथंच उभा राहत होता. दीन महंमदनं तिथं औषधी वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली. रोग्याला वनस्पती घातलेल्या वाफेत बसवायचं, भोवती फ्लॅनेलचा तंबू. तंबूला बाह्या शिवलेल्या, त्यांतून मालिश करणाऱ्याचे फक्त हात आत जायचे. आपल्या 'चांपना' या क्रियापदाचं इंग्रजांच्या तोंडी 'शाम्पू' झालं होतं. त्या काळी शाम्पू म्हणजे मालिश. केस धुण्याचा अर्थ त्या शब्दाला पुढं चिकटला. आज आपण बाटलीतला शाम्पू विकत आणतो, तो शब्द मुळात आपल्याच चंपीचा आहे.

सुरुवातीला लोक हसले. त्यानं काही रोग्यांवर फुकट उपचार केले. बरे झालेले लोक आपल्या कुबड्या तिथंच ठेवून जात आणि तो त्या भिंतीवर मांडत असे. १८२१ मध्ये समुद्रासमोर त्याची मोठी स्नानगृहं उभी राहिली. चौथा जॉर्ज आणि चौथा विल्यम या दोन राजांचा 'शाम्पूइंग सर्जन' म्हणून त्याची नेमणूक झाली. शेवटच्या दशकात ती स्नानगृहं त्याच्या हातून गेली. १८५१ मध्ये तो ब्रायटनलाच वारला.

इथपर्यंतची गोष्ट बहिणीला सांगितली असती, तर ती नक्की खूश झाली असती. राजाच्या पदरी मालिशवाला! पण या गोष्टीत एक काळा डाग आहे आणि तो लपवणं बरं नाही. १८२२ मध्ये दीन महंमदनं आपल्या उपचारांवर पुस्तक लिहिलं. त्यात त्यानं आपला जन्म दहा वर्षं मागं नेऊन १७४९ केला आणि आपण वैद्यकीचं शिक्षण घेतलेले, कंपनीच्या फौजेतले सर्जन होतो, असं लिहिलं. दोन्ही गोष्टी खऱ्या नव्हत्या. शिक्षणाची खोटी वर्षं घालायला आयुष्यात जागा हवी, म्हणून जन्मतारीख मागं सरकवली. दमा, संधिवात, अर्धांगवायू, सगळ्यावर आपला इलाज चालतो, असा त्याचा दावा होता.

त्याला खोटं का बोलावं लागलं? त्याचे हात खरे होते, लोकांच्या दुखऱ्या अंगांना आराम पडत होता. पण 'मी उत्तम मालिश करतो' एवढ्या सांगण्याला किंमत नव्हती. 'मी सर्जन आहे' म्हटलं की दार उघडत होतं. धंद्याला मान नसला की तो करणारा दुसऱ्याचा मान उसना घेतो. आज पंधरा दिवसांचं प्रमाणपत्र भिंतीवर लावून मधुमेहापासून वंध्यत्वापर्यंत सगळं बरं करून देण्याची पाटी लावणारे लोक आहेत. त्यांचं दुखणंही मला त्याच जातीचं वाटतं. फरक इतकाच, की त्यात मरण रोग्याचं होतं.

दीन महंमदचा नातू मात्र खराखुरा डॉक्टर झाला. त्याचं नाव फ्रेडरिक अकबर महोमेद. लंडनच्या गाय्ज हॉस्पिटलमध्ये त्यानं नाडीच्या दाबाचा अभ्यास केला आणि वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसातही रक्तदाब वाढलेला असू शकतो, हे दाखवून दिलं. १८८४ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी तो गेला. आजोबांनी जे उसनं घेतलं होतं, ते नातवानं व्याजासकट फेडलं, असं मी मनाशी म्हटलं.

आता बहिणीचा तिसरा आक्षेप, बदनामीचा. तो नवा नाही. १८९४ मध्ये लंडनमध्ये नेमकी हीच बोंब झाली होती. मसाजच्या नावाखाली काय काय चालतं, याविषयी 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'नं लिहिलं. त्यामुळं प्रामाणिकपणे मसाज करणाऱ्या बायकांनाही मान खाली घालायची वेळ आली. तेव्हा परिचारिका आणि सुईणी म्हणून काम केलेल्या काही स्त्रिया एकत्र आल्या आणि त्यांनी प्रशिक्षित मसाज करणाऱ्या स्त्रियांची संस्था काढली. नियम कडक. परीक्षा दिल्याशिवाय सभासद होता येणार नाही, डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय मसाज करायचा नाही, वैद्यकीय नियतकालिकं सोडून कुठंही जाहिरात द्यायची नाही, रोग्याला औषधं विकायची नाहीत. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांचे हातपाय पुन्हा चालते करायला मसाज जाणणारे लोक लागले, तेव्हा या शिक्षणाची किंमत सगळ्यांना कळली. युद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांनाही हे काम शिकवण्यात आलं. १९२० मध्ये संस्थेला राजाची सनद मिळाली. आणि १९४४ पासून तिचं नाव आहे, 'चार्टर्ड सोसायटी ऑफ फिजिओथेरपी'.

म्हणजे बघा, माझी बहीण ज्या शब्दासाठी मिठाई वाटायला तयार होती, तो शब्द मिरवणाऱ्या ब्रिटनमधल्या या मोठ्या संस्थेची सुरुवात मसाजच्या बदनामीतून झाली. त्या बायकांनी धंदा सोडला नाही. त्यांनी अभ्यास वाढवला आणि मर्यादा आखून घेतली. आज फिजिओथेरपिस्ट आणि मालिश करणारा या दोन वेगळ्या विद्या आहेत. एकानं दुसऱ्याची पाटी लावू नये. पण त्यांचं मूळ एकमेकांत गुंतलेलं आहे.

आपल्याकडे ही अडचण जरा वेगळ्या गावची आहे. अंगाला तेल लावणं आपल्याला कधीच हलकं वाटलं नाही. दिवाळीच्या पहाटे अभ्यंगस्नान झाल्याशिवाय फराळाला हात लावत नाहीत. बाळ-बाळंतिणीला चोळायला, शेकायला बाई मिळाली नाही, तर घरात गोंधळ उडतो. तालमीत मालिशशिवाय पैलवान तयार होत नाही. वाग्भटानं 'अष्टांगहृदया'त रोजच्या दिनचर्येत अभ्यंग सांगितला, आणि लगेच तो कोणी करू नये तेही सांगितलं. कफानं ग्रासलेल्यानं नाही, अजीर्ण झालेल्यानं नाही, शोधन झालेल्यानं नाही. इतकी जुनी आणि इतकी सावध अशी ही विद्या आहे.

हलका ठरला तो दुसऱ्याच्या अंगाला हात लावून पैसे घेणारा माणूस. ते काम आपण ठरावीक घरांवर सोपवलं आणि मग त्या घरांना खालची ठरवलं. आमच्या मुसलमानांत जात नाही, असं आम्ही छाती पुढं काढून सांगतो. पण सोयरीक जमवताना 'वो हज्जामके घरके हैं' हे वाक्य मी याच कानांनी ऐकलेलं आहे. गिरगाव चौपाटीवर तेलाच्या बाटल्या खणखणवत फिरणारा मालिशवाला आपल्याला थकल्यावर हवा असतो, आपल्या घरात नको असतो. 'प्यासा' चित्रपटात, १९५७ मध्ये, जॉनी वॉकरनं रंगवलेला चंपीवाला सगळ्या देशानं डोक्यावर घेतला. पण सिनेमा पाहून घरी आलेल्या किती बापांनी मुलाला सांगितलं असेल, की जा, तू हे शीक?

तिसऱ्या दिवशी बहीण आणि भाचा दोघंही आले. मी जे वाचलं ते सगळं सांगितलं, खोट्या जन्मतारखेसकट. भाच्याला म्हणालो, "मी हो म्हणणार नाही, नाही म्हणणार नाही. शिकायचं तर शरीर नीट शिक. काय बरं होत नाही, हे आधी शीक." तो म्हणाला, "मामू, अभ्यासक्रमात पहिल्या आठवड्यात तेच आहे." बहीण काही बोलली नाही. सहा महिन्यांची फी तिनंच भरली, हे मला नंतर कळलं.

पुढची गोष्ट माझ्याच पायाची. एका कविसंमेलनाहून रात्रभर एसटीत बसून परत आलो. डावी पोटरी भरून आली होती. दोन दिवस गेले, दुखणं हटेना. भाचा भेटायला आला, तेव्हा मी पाय पुढं केला आणि म्हणालो, "बघू, काय शिकलास. तेल लाव." त्यानं पाय हातात घेतला नाही. लांबूनच पाहिलं. मग तळहाताची मागची बाजू हलकेच टेकवून ऊब पाहिली. टेप आणून दोन्ही पोटऱ्यांची मापं घेतली. डावी चांगली जाड भरली. "मामू, याला मी हात लावणार नाही. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला."

मला राग आला. फुकटात मालिश मागितली म्हणून टाळतोय, असंही मनात येऊन गेलं. पण त्यानं रिक्षा आणलीच होती. सोनोग्राफी झाली. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती. डॉक्टरांनी विचारलं, "चोळलं-बिळलं नाही ना?" चोळलं असतं तर गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाण्याची भीती होती, असं त्यांनी सांगितलं. काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेतल्या. आज मी आपल्याशी बोलतो आहे.

त्या रात्री दवाखान्यात पडल्या पडल्या मला उज्जयिनीच्या बागेतला भिक्षू आठवत होता. त्यानं हात पुढं केला नाही, वेल वाकवून दिली.

भाच्यानं आता गावात लहानशी जागा घेतली आहे. पाटीवर काय लिहावं हे विचारायला तो माझ्याकडे आला. कवी आहे, चांगला शब्द देईन, ही अपेक्षा. मी मोठ्या उत्साहानं म्हणालो, "संवाहक लिही." तो हसला. "मामू, लोक तिकीट मागतील. एसटीचा वाहक समजतील." मला आठवलं, जॉनी वॉकरही सिनेमात येण्याआधी मुंबईत बसचा कंडक्टर होता. पण ते मी त्याला सांगितलं नाही.

परवा पाटी लागली. वर साध्या अक्षरांत 'मालिश' एवढंच आहे. खाली त्यानं आपल्या मनानं एक ओळ लिहून घेतली आहे, 'आधी आपलं दुखणं सांगा. मालिश सगळ्यांनाच चालत नाही.' उद्घाटनाला बहिणीनं पेढे वाटले.